मधुमेह कोणताही असो, पायांच्या नसा घरी कशा तपासाव्यात

चैत्रात खान्देशातून माणसांचे लोंढे सप्तशृंग गडाकडे पायी निघतात, त्यात अनवाणीही पुष्कळ. एका वर्षी आमची आत्या परतली ती तळपायाला रुपयाएवढा फोड घेऊनच. "माले काहीच दुखत नही," असं ती कौतुकानं सांगत होती. डॉक्टरांना मात्र त्याच वाक्याची काळजी वाटली. बारा वर्षांची शुगर आणि फुटलेला फोड. दुखायलाच हवं होतं.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा, म्हणजे स्पर्श आणि वेदना मेंदूपर्यंत पोचवणारे मज्जातंतू, आणि त्यांना रक्त पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. सर्वांत लांब नसा पायात, म्हणून सुरुवात बहुधा बोटांपासून होते, दोन्ही पायांत. कुणाला मुंग्या येतात, कुणाच्या तळपायांची रात्री आग होते. कुणाला काहीच होत नाही, फक्त चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावलांनी कळतं.

डॉक्टरांकडची पायांची तपासणी कधी सुरू करायची, ते आधी ठरवा. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही त्या मधुमेहात, निदानानंतर ५ वर्षांनी, मग दरवर्षी. टाइप २, म्हणजे बहुतेकांना असतो तो मधुमेह, त्यात थांबायचं नाही, निदान होताच. कारण साखर किती वर्षं गुपचूप वाढलेली होती, ते कुणालाच ठाऊक नसतं. 'माझी तर बॉर्डरवर आहे' म्हणणाऱ्यांच्याही नसा कधी कधी बिघडलेल्या निघतात. गरोदरपणातला मधुमेह काही महिन्यांचाच असल्याने नसांना क्वचितच धक्का लावतो, पण बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन करायची तपासणी चुकवू नका.

आणखी एक फरक आहे. टाइप १ मध्ये साखर काटेकोर ठेवली तर नसांचा विकार जवळपास ६० टक्क्यांनी कमी होतो, हे १९९३ च्या डीसीसीटी या टाइप १ च्या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. टाइप २ मध्ये नुसत्या साखरेनं एवढा फरक पडत नाही. वजन, बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचाही हिशेब करावा लागतो. 'मी गोड खातच नाही' म्हणत तंबाखूला चुना लावणारे आपल्याकडे कमी नाहीत!

आता घरची परीक्षा. ओट्यावर पाय पसरून बसा, डोळे मिटा. घरातल्या कुणीतरी तर्जनीच्या टोकानं अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून अगदी हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्याही नकोत. स्पर्श कळला की 'उजवा' किंवा 'डावा' एवढंच म्हणायचं. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडे जा. ते १० ग्रॅमचा नायलॉन धागा टेकवून आणि कंपन करणारा चिमटा लावून नीट तपासतात. ही परीक्षा पास झालात म्हणून वर्षाची तपासणी मात्र सोडू नका.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ हे जीवनसत्त्वही बघायला सांगा. ते कमी झालं तरी अशाच मुंग्या येतात, आणि दोष सगळा साखरेवर जातो.

बधिर पायाला शेक देऊ नका. पाण्याचा अंदाज कोपरानं घ्या. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा अंगणातल्या फरशीवरही अनवाणी जायचं नाही. कपाशी उपटलेल्या शेतात तर नाहीच, तिथे खुंट असतात. कुरूप ब्लेडनं कापू नका. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघा; वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा. जखम, फोड, काळपटपणा किंवा एकाच पायाला सूज दिसली तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी दाखवा.

आणि बूट घालण्याआधी उलटा करून झटका. परवा आत्याच्या बुटातून बोंडाचं वाळकं, टोकदार टरफल निघालं. तेच पायात घेऊन तिनं सकाळचा अख्खा बाजार केला होता.