फिटनेस अ‍ॅप चालत्या माणसाच्या हातात तपासा
फिटनेस अ‍ॅपची नवी रचना खुर्चीत बसून तपासू नका. सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत फिरणाऱ्या पाचेक जणांना, रीतसर विचारून, फोन द्या. चालता चालता 'आजची पावलं किती झाली, बघा' एवढंच सांगा आणि गप्प राहा. आमच्या एका काकूंनी घामेजलेला अंगठा पदराला पुसला, स्क्रीनवर हाताची सावली धरली, तरी फिकट राखाडी आकडा दिसेना. वर म्हणाल्या, 'छान आहे हो अ‍ॅप!' म्हणून मत विचारण्यापेक्षा हात बघा. आकडा मोठा, गडद ठेवा. कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) किमान ४.५:१, बटण किमान ४८ डीपी (डीपी म्हणजे स्क्रीनवरच्या आकाराचं माप). आणि १०,००० पावलं सगळ्यांवर लादू नका. हा आकडा रूढ झाला तो १९६५ च्या जपानी पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या, नावामुळे; त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर'.