वकिलाशिवाय बँकरप्सी फाइल करायची का? अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी आधी सातबारा बघा

आधीच सांगते, मी वकील नाही. आम्ही न्यूजर्सीत राहतो आणि २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी नवऱ्याची चॅप्टर ७ बँकरप्सी झाली (म्हणजे कायद्याने राखून ठेवता येतं तेवढं सोडून बाकी मालमत्ता देणेकऱ्यांसाठी विकली जाऊ शकते, आणि बहुतेक कर्ज माफ होतं). काँट्रॅक्ट संपलं, नऊ महिने दुसरं मिळालं नाही, त्यात त्याचं ऑपरेशन, मग एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डावर असं करत करत आकडा हाताबाहेर गेला. आपल्याकडे ‘दिवाळं निघालं’ हे शिवीसारखं बोलतात ना, त्यामुळे कुणाला विचारायची सोय नाही, सगळं रात्री मुलं झोपल्यावर गुपचूप वाचायचं. तशी वेळ ज्यांच्यावर आलीय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

अमेरिकेत स्वतःची बँकरप्सी वकिलाशिवाय फाइल करता येते, कायद्याने पूर्ण परवानगी आहे (कंपनी किंवा एलएलसीच्या नावाने मात्र नाही, तिथे वकील लागतोच). सिटिझन असायची अटसुद्धा नाही. फॉर्म कोर्टाच्या साइटवर फुकट मिळतात. चॅप्टर ७ ची फी ३३८ डॉलर, ती चार हप्त्यांत भरता येते, आणि उत्पन्न गरिबीरेषेच्या दीडपटीपेक्षा कमी असेल तर माफीचा अर्ज करता येतो. म्हणजे ‘मला जमेल का’ हा प्रश्नच नाही, इंजिनिअर माणसाला फॉर्म भरता येतातच. विचारायचं ते हे की माझी केस सरळ आहे का.

सरळ म्हणजे कशी? भाड्याचं घर, जुनी गाडी, कर्ज म्हणजे क्रेडिट कार्डं, हॉस्पिटलची बिलं, पर्सनल लोन एवढंच. फाइल करायच्या आधीच्या सहा पूर्ण महिन्यांचं उत्पन्न काढायचं, ते तुमच्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मीडियन (म्हणजे बरोबर मधल्या) उत्पन्नापेक्षा कमी असेल तर मीन्स टेस्ट, म्हणजे चॅप्टर ७ मिळण्याइतकं उत्पन्न कमी आहे का ही चाचणी, तिथेच सुटते. जास्त असेल तर पुढचा मोठा फॉर्म येतो आणि केस सरळ राहत नाही. कर्ज जास्त करून हॉस्पिटलचंच असेल तर बँकरप्सीच्या आधी हॉस्पिटलच्या बिलिंगला फायनान्शियल असिस्टन्सचा फॉर्म मागा, नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलांना अशी योजना ठेवावीच लागते आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावा लागतो. आम्हाला हे कळलं तेव्हा ती मुदत टळून गेली होती.

आता आमच्या टेबलावर काय झालं ते सांगते. आम्हाला वाटत होतं आपली केस एकदम सरळ, घर भाड्याचं, कॅमरी बारा वर्षं जुनी. नवरा फॉर्म भरत बसला होता, मी शेजारी बिलं लावत होते. मालमत्तेच्या फॉर्मवर आला आणि थांबला, कारण तिथे तुमचा कुठल्याही जमिनीत, घरात काही हक्क आहे का असं विचारलंय, आणि त्यात अमेरिकेतली असं कुठेही म्हटलेलं नाही. जगात कुठेही असली तरी लिहायची. मी म्हटलं आपलं कुठे काय आहे. तर तो म्हणाला, ‘अगं, बार्शीची जमीन.’ सासरे गेले तेव्हा गावी वारस नोंद झाली होती, दिराने तलाठ्याकडे जाऊन केली, आम्ही इथून आधारची कॉपी पाठवली होती आणि विसरून गेलो होतो. फोनवर महाभूलेख उघडलं, गट नंबर दिराला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारला, आणि सातबाऱ्यावर चार नावं, सासूबाई, दीर, नणंद, आणि आमच्या ह्यांचं. दोन एकर कोरडवाहू, पण नाव तर आहे ना.

त्या रात्री आम्ही फॉर्म बंद केला आणि दुसऱ्या दिवशी वकील शोधला. माझं सगळं म्हणणं इथेच आहे: आपल्या माणसाची केस सरळ आहे की नाही हे बऱ्याचदा अमेरिकेत ठरत नाही, गावाकडच्या कागदावर ठरतं.

बघायचं काय काय, तर वडिलोपार्जित जमीन (मुलींनो तुम्हीपण बघा, २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगीही जन्मापासून वाटेकरी आहे, लग्न होऊन इकडे आलात म्हणून हक्क गेला असं नाही). पुण्याला बुक केलेला फ्लॅट, आईबाबांच्या सेव्हिंग खात्यावर सोय म्हणून घातलेलं तुमचं नाव, एफडी, एनआरई खातं, पीपीएफ, एलआयसी. फाइल केल्यानंतर १८० दिवसांच्या आत कुणी गेलं आणि वारसाने तुम्हाला काही आलं तर तेसुद्धा केसमध्ये येतं. घरात कुणी खूप आजारी असेल तर हा विचार करणं नको वाटतं, पण करावा लागतो.

लपवायचा विचार मनातसुद्धा आणू नका. ‘त्यांना इथून बार्शीचं काय कळणार’ असं आम्हाला जवळच्यांनीच सांगितलं. पण ट्रस्टीला (तुमची केस तपासायला नेमलेल्या माणसाला) तुमचा टॅक्स रिटर्न द्यावा लागतो, त्यात परदेशी खातं आहे का हा प्रश्न असतोच, आणि सगळं शपथेवर असतं. पकडलं गेलं तर कर्ज माफ होत नाही, वर पाच वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद आहे. दुसरा सल्ला मिळाला तो म्हणजे भावाच्या नावाने हक्कसोडपत्र करून टाका मग फाइल करा. हे तर सगळ्यात धोक्याचं. मागच्या दोन वर्षांत कुणाला काय दिलं ते फॉर्मवर लिहावंच लागतं आणि ट्रस्टी तो व्यवहार मोडायला कोर्टात जाऊ शकतो. तुम्ही असं हक्कसोडपत्र आधीच केलं असेल तर एकट्याने फाइल करू नका.

पैशाचंही तेच. आपली पहिली बुद्धी काय असते, बँकेचं जाऊ दे, मेहुण्याचे पाच हजार आधी देऊन टाकू, नात्यात तोंड दाखवायचंय. पण फाइल करायच्या आधीच्या एका वर्षात नातेवाइकाचं ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त देणं फेडलं असेल तर ट्रस्टी ते पैसे त्या मेहुण्याकडून परत मागू शकतो. म्हणजे ज्याला वाचवायला गेलात त्याच्याच दारात नोटीस. नाही फेडलं तर त्याचं नाव देणेकऱ्यांच्या यादीत लिहायचं, आणि नंतर आपल्या खुशीने फेडायला कायदा अडवत नाही. हे ऐकलं तेव्हा माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा जरा झोप लागली.

सोन्याचं थोडक्यात. दागिन्यांना फेडरल सूट (म्हणजे जेवढं तुमच्याकडेच राहू देतात) २,१२५ डॉलर, आजच्या भावात ती दोन तोळ्यांतच संपते. मंगळसूत्र, पाटल्या, लॉकरमधलं सगळं धरायचं. न्यूजर्सीत नवरा एकटा फाइल करत असेल तर बायकोचं स्वतःचं स्त्रीधन त्यात येत नाही, पण टेक्सस, कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई दोघांची धरतात, तिथे हिशोब वेगळा.

आणि एज्युकेशन लोन. भारतातल्या बँकेचं असेल, वडील सहकर्जदार असतील, नाशिकचं घर तारण असेल, तर इथे बँकरप्सी करून वडिलांची जबाबदारी जात नाही. तुमचं स्वतःचंही स्टुडंट लोन सहसा माफ होत नाही, वेगळा दावा लावून फारच हलाखी सिद्ध करावी लागते. पोटगी, मुलांचा खर्च, अलीकडचा टॅक्स हेही राहतंच. तुमच्या कर्जाचा मोठा भाग हाच असेल तर बँकरप्सी करून हातात काय येणार ते आधी कागदावर मांडा.

स्वतःचं घर असेल आणि फोरक्लोजर (हप्ते थकले म्हणून बँक घर काढून घेते ते) थांबवायचं असेल तर बहुतेक चॅप्टर १३ कडे जावं लागतं, तीन ते पाच वर्षांचा हप्त्यांचा प्लॅन. ते एकट्याने करू नका, एवढंच सांगते. त्यात वकिलाची फी बऱ्याचदा प्लॅनमधूनच देता येते.

हे सगळं चाळून झाल्यावरही केस सरळ वाटत असेल तर खुशाल स्वतः करा. आमच्या शेजारच्या मुलाने केली, त्याच्या नावावर भारतात एक बंद पडलेलं खातं सोडून काही नव्हतं (ते त्याने लिहिलं). अपसॉल्व नावाची नॉन-प्रॉफिट संस्था आहे, तिचं ऑनलाइन टूल साध्या केसना फुकट फॉर्म भरून देतं. फाइल करायच्या आधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेचा क्रेडिट काउन्सेलिंग कोर्स करावाच लागतो, बहुतेक ठिकाणी ५० डॉलरच्या आत होतो. फाइल केल्याक्षणी वसुली थांबवावी लागते, फोन बंद, पगारातली कपात बंद. मग महिन्याभरात ३४१ मीटिंग, त्यात ट्रस्टी शपथेवर प्रश्न विचारतो, हल्ली झूमवर असते. इंग्रजीची भीती असेल तर आधी कळवा, दुभाषा फुकट मिळतो. मीटिंगनंतर ६० दिवसांच्या आत दुसरा कोर्स, हा लोक विसरतात आणि माफी न मिळताच केस बंद होते, परत उघडायला वेगळी फी. पिटिशन प्रिपेअरर म्हणून जे दुकान मांडून बसतात ते फक्त टाइप करून देऊ शकतात, सल्ला द्यायचा त्यांना अधिकार नाही, देत असतील तर उठून या. कोर्टाच्या खिडकीवरचे लोकही चांगले असतात पण सल्ला देत नाहीत.

मधला रस्ताही आहे. पूर्ण केस वकिलाला न देता एका तासाचा सल्ला घ्यायचा, बरेच वकील पहिली भेट फुकट देतात. जाताना सातबारा, खात्यांची स्टेटमेंट, दोन वर्षांचे रिटर्न घेऊन जा आणि पहिलं वाक्य हेच बोला की माझं भारतात अमुक आहे. उत्पन्न अगदी कमी असेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यूजर्सीकडे फुकट मदत मागता येते, इतर राज्यांतही अशा संस्था आहेत.

आम्ही पूर्ण वकील केला, दीड हजार डॉलर आधी भरावे लागले, दिरानेच पाठवले आणि तेही फॉर्मवर लिहिलं. दिराने सरकारमान्य व्हॅल्युअरकडून जमिनीचा दाखला आणला, ह्यांच्या चौथ्या हिश्श्याची किंमत चार लाख, म्हणजे साधारण पावणेपाच हजार डॉलर. घर भाड्याचं असल्यामुळे घराची न वापरलेली सूट दुसरीकडे लावता येते, कशालाही लावता येणारी छोटी सूट धरून एकूण १७,४७५ डॉलरपर्यंत, त्यात तो हिस्सा बसला. मीटिंगमध्ये ट्रस्टीने विचारलं, भारतातली ही जमीन कसली, कोण कसतं, उत्पन्न किती. नवरा म्हणाला ज्वारी, भाऊ कसतो, घरी खाण्यापुरती. तिने मूल्यांकनाचा कागद बघितला आणि पुढच्या प्रश्नावर गेली. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागली असतील.