टीव्हीला जोडायचा छोटा पीसी: कमी खर्चात भाग कसे निवडावेत

टीव्हीसाठी पीसी घेताना बहुतेक जण प्रोसेसरच्या वेगापासून सुरुवात करतात आणि पैसे तिथेच वाया जातात. चित्रपट बघायला वेगवान प्रोसेसर लागत नाही. लागतात दोनच गोष्टी: व्हिडिओचा फॉरमॅट हार्डवेअरमध्येच उलगडणारी ग्राफिक्स चिप आणि फोर-के चित्र ६० हर्ट्‌झवर (सेकंदाला ६० वेळा) बाहेर देणारा पोर्ट. या दोन नीट निवडल्या की बाकीचे भाग साधे असले तरी चालतात.

आधी गरज ठरवा

फक्त नेटफ्लिक्स किंवा प्राइम बघायचं असेल तर पीसी घेऊ नका. टीव्हीतलं अॅप किंवा एखादी स्टिक ते काम जास्त चांगलं करते. पीसीवर नेटफ्लिक्सचं फोर-के मिळवायचं तर विंडोज, त्यातही एज ब्राउझर किंवा त्यांचं स्वतःचं अॅप, शिवाय टीव्हीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर एचडीसीपी २.२ हे कॉपी रोखणारं संरक्षण लागतं. लिनक्सवर चित्राचा दर्जा आणखी खाली येतो. हार्ड डिस्कवर साठवलेले चित्रपट, जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं लग्नाचं शूटिंग, घरचे फोटो, गाण्यांचा संग्रह, मोठ्या पडद्यावर ब्राउझर आणि मुलांचा अभ्यास, यासाठी मात्र पीसीइतकं मोकळं साधन दुसरं नाही.

चिप निवडा

इथे घाई करू नका. एच.२६४ हा जुना व्हिडिओ फॉरमॅट कुठलीही चिप चालवते. खरी परीक्षा १०-बिट (रंगांच्या जास्त छटांचा) एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ या तीन फॉरमॅटची. इंटेलमध्ये पहिले दोन सातव्या पिढीपासून पूर्णपणे हार्डवेअरमध्ये चालतात, तर एव्ही१ अकराव्या पिढीपासून. एएमडीमध्ये रायझन ५ ५६००जी हा गेमिंगला चांगला प्रोसेसर आहे, पण त्यात एव्ही१ नाही, ८५००जीमध्ये आहे. यूट्यूबवर एव्ही१ वाढत चाललंय, त्यामुळे आज नवीन घेताना ते असायलाच हवं.

जुन्या मालाच्या बाजारात सहाव्या पिढीचे इंटेल पीसी ढिगाने मिळतात आणि स्वस्तही असतात. ते टाळा. १०-बिट एचईव्हीसी त्यांच्या हार्डवेअरला पूर्ण झेपत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा ओरडायला लागतो, चित्र अडखळतं आणि आवाज ओठांच्या पुढे पळतो. सॉफ्टवेअर बदलून हे सुटत नाही.

तीन रस्ते

सर्वांत सोपा रस्ता म्हणजे इंटेल एन१०० असलेला तयार मिनी पीसी. २०२३ मध्ये आलेली ही चार कोअरची, ६ वॅटची चिप तिन्ही फॉरमॅट हार्डवेअरमध्ये उलगडते. तिचा मेमरी चॅनल एकच आहे, म्हणून रॅमच्या दोन पट्ट्या शोधत बसू नका; ८ जीबीची एक पट्टी पुरते. विनानावाच्या मिनी पीसीत एसएसडी सुमार दर्जाची असू शकते. शक्य असेल तर रॅम आणि एसएसडीशिवायचा सांगाडा घ्या आणि हे दोन भाग वॉरंटीवाल्या ब्रँडचे टाका.

दुसरा रस्ता, ऑफिसमधून निघालेला एक लिटर आकाराचा रिफर्बिश्ड पीसी. आठव्या पिढीचा आय३ किंवा आय५, नावाच्या शेवटी टी असलेला, म्हणजे ३५ वॅटचा. याची बांधणी दणकट असते, पण एव्ही१ मिळत नाही आणि बऱ्याच मॉडेलवर एचडीएमआयऐवजी फक्त डिस्प्लेपोर्ट असतो. स्वस्त पॅसिव्ह कन्व्हर्टर लावला तर फोर-के ३० हर्ट्‌झवरच अडकतं आणि माउसचा बाणसुद्धा धक्के खात सरकतो. डिस्प्लेपोर्ट १.२ ते एचडीएमआय २.० असा अॅक्टिव्ह कन्व्हर्टरच मागा. सोबत मूळ अडॅप्टर आहे ना, तेही बघा. काही कंपन्यांचे पीसी परका अडॅप्टर ओळखतात आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली आणतात.

तिसरा रस्ता स्वतः जोडणीचा. हलकं गेमिंगही करायचं असेल किंवा हार्ड डिस्क आतच बसवायच्या असतील, तरच तो परवडतो. आय३ १२१०० घ्या. १२१००एफ नको, कारण एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही. एच६१० चिपसेटचा १७० बाय १७० मिलिमीटरचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड त्याला जमतो. याच चिपसेटच्या काही स्वस्त बोर्डांवरचा एचडीएमआय पोर्ट फोर-केला ३० हर्ट्‌झच देतो, म्हणून कंपनीच्या साइटवर त्या नेमक्या मॉडेलसमोर ६० हर्ट्‌झ लिहिलंय का ते वाचा. जागा थोडी जास्त असेल तर मायक्रो-एटीएक्स बोर्ड बहुधा स्वस्त पडतो. केस घेण्याआधी कूलरची उंची जुळवा: रायझनसोबत येणारा साधा कूलर ५४ मिलिमीटर उंच आहे आणि पातळ केसमध्ये तो बसत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ३०० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय पुरून उरतो. रायझन निवडला तर रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या लावा, कारण त्याचं ग्राफिक्स रॅमच्या वेगावर जगतं.

साठवण

ऑपरेटिंग सिस्टीमसाठी २५६ जीबीची एसएसडी घ्या आणि चित्रपटांसाठी साधी हार्ड डिस्क. फोर-के ब्लू-रेच्या मूळ दर्जाची फाइलही सेकंदाला साधारण १२ ते १६ मेगाबाइट एवढंच वाचायला लावते. आजची साधी डिस्क याच्या कितीतरी पट देते, त्यामुळे संग्रहासाठी एसएसडी घेणं म्हणजे उधळपट्टी. डिस्क फॅट३२मध्ये फॉरमॅट करू नका. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही.

आवाज, केबल आणि रिमोट

डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हा मूळ दर्जाचा आवाज ऑप्टिकल केबलमधून जात नाही, त्याला एचडीएमआयच लागतो. घरी स्पीकर चालवणारा रिसीव्हर असेल तर पीसी थेट त्याला जोडा आणि कोडी या चित्रपट चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पासथ्रू, म्हणजे आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं, चालू करा. केबल १८ गिगाबिटची, प्रीमियम हाय स्पीड प्रमाणित, शक्यतो ३ मीटरच्या आत. फोर-के मधूनमधून काळं पडत असेल तर पहिला संशय लांब केबलवर घ्या.

पीसीच्या एचडीएमआय पोर्टला बहुधा सीईसी नसतं, म्हणजे टीव्हीचा रिमोट पीसीला चालत नाही. कीबोर्ड असलेला, हवेत हलवून बाण फिरवायचा एअर माउस घ्या. त्याचा डोंगल यूएसबी ३ हार्ड डिस्कच्या शेजारी खोचला तर सिग्नल तुटतो, कारण यूएसबी ३चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो. अर्ध्या मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन लावून डोंगल टीव्हीच्या पुढच्या बाजूला आणा.

दुकानात तपासा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा गावातल्या दुकानात, पेनड्राइव्हवर एक १०-बिट एचईव्हीसी आणि एक एव्ही१ फाइल, सोबत हे फॉरमॅट हार्डवेअरमध्ये उलगडणारा व्हिडिओ प्लेअर घेऊन जा. फाइल चालवा, विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्स चिपच्या पानावर व्हिडिओ डिकोडचा आलेख बघा. तो हलतोय आणि सीपीयू २०-३० टक्क्यांच्या आत आहे, तर काम हार्डवेअरमध्ये चाललंय. आलेख सपाट आणि सीपीयू ९० टक्क्यांवर असेल तर तो पीसी घेऊ नका.

घरी आणल्यावर

टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय पोर्टचा एन्हान्स्ड किंवा डीप कलर पर्याय चालू करा; तो बंद असेल तर एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला) मिळत नाही. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट निवडा. कोडीमध्ये रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलण्याची सोय चालू ठेवा, नाहीतर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट ६० हर्ट्‌झवर कॅमेरा फिरताना झटके देतो. बायॉसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तोही लावा.

वीज वारंवार जात असेल तर १२ व्होल्टवर चालणारा मिनी पीसी राउटरसाठीच्या छोट्या डीसी यूपीएसवर चालू शकतो. व्होल्टेज, अॅम्पिअर आणि पिनची ध्रुवता जुळते का हे अडॅप्टरवर वाचूनच जोडा. १९ व्होल्टचा पीसी त्यावर चालणार नाही. आणि टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात पीसी कोंबू नका. मागे चार बोटं जागा सोडा, जाळीवरची धूळ दर दोन-तीन महिन्यांनी ब्रशने काढा.