फर्लांग, लेंग्थ, मीटर: घोड्यांच्या शर्यतीतलं अंतर कसं वाचायचं

झिरो माईलच्या खांबाजवळचे चार घोडे प्रत्येक नागपूरकराने पाहिलेले असतात. शर्यतीचं अंतरही मैलाच्या दगडासारखंच वाचायचं. नागपूरकडे येणाऱ्या रस्त्यावरचा दगड किती राहिलं ते सांगतो, किती झालं ते नाही. रेसकोर्सवर शून्य म्हणजे विनिंग पोस्ट, शर्यत संपते तो खांब, आणि खांबांवरचे आकडे तिथून मागे मोजलेले असतात. १४०० मीटरच्या शर्यतीत '६००'च्या खांबाशी पोचलेला घोडा ८०० मीटर धावून झालेला असतो.

फर्लांग मुळात शेतातलं माप. एक फर्लांग लांब आणि एक साखळी रुंद असा पट्टा म्हणजे एक एकर. फुटांत मांडा: ६६० गुणिले ६६, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. लेआउट पाडणाऱ्यांना हा आकडा झोपेतही आठवतो. यार्डात फर्लांग २२० यार्डांचा, मीटरमध्ये २०१.१६८. आठ फर्लांगांचा मैल १६०९.३४४ मीटर भरतो. पायाखाली अंदाज हवा असेल तर ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनने अर्धी फेरी मारा आणि वर दीड पाऊल टाका.

हे दीड पाऊलच पुढे घात करतं. आपल्याकडे शर्यती मीटरमध्ये असतात: मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी २४०० मीटर, सेंट लेजर २८००. अमेरिकेतली बेलमाँट स्टेक्स परंपरेने दीड मैलाची, म्हणजे १२ फर्लांग. बरेच जण 'एक फर्लांग म्हणजे २०० मीटर' धरून दोन्ही वेळा शेजारी ठेवतात. पण १२ फर्लांग म्हणजे २४१४ मीटर. सेक्रेटेरिएट नावाच्या घोड्याने १९७३ साली बेलमाँट २ मिनिटं २४ सेकंदांत मारली. २४१४ ला १४४ ने भागा: सेकंदाला १६.७६ मीटर. वरचे १४ मीटर त्या वेगाने जवळजवळ ०.८४ सेकंद खातात, म्हणजे तुलनेसाठी २४०० मीटरची वेळ २ मिनिटं २३.१६ धरावी लागते. लेंग्थमध्ये, म्हणजे घोड्याच्या लांबीत, हा फरक सहाच्या आसपास जातो. मैल आणि १६०० मीटरमध्ये तो ९.३ मीटर, सहा फर्लांग आणि १२०० मध्ये ७ मीटर. म्हणून आधी फर्लांगाला २०१.१६८ ने गुणा, वरचे यार्ड असतील तर ०.९१४४ ने गुणून मिळवा, मग वेग काढा. अमेरिकेत घड्याळ स्टार्टचं गेट उघडताच सुरू होत नाही. घोडा थोडा धावून वेगात आला की मग सुरू होतं. त्यामुळे एवढं करूनही तिथल्या आणि इथल्या वेळांची तुलना ढोबळच राहते.

रेसकार्डावर, म्हणजे दिवसाच्या शर्यतींच्या छापील यादीवर, दोन ठिकाणी हमखास चूक होते. ब्रिटिश कार्डातला 'एम' मैलाचा असतो, भारतीय कार्डातला मीटरचा. शेजारी 'एफ' किंवा 'वाय' दिसला तर खुशाल मैल समजा. इंग्लंडची एप्सम डर्बी '१ एम, ४ एफ, ६ वाय' लिहितात: एक मैल, चार फर्लांग, सहा यार्ड, सुमारे २४१९.५ मीटर. दुसरी चूक नावाची. इंडियन १००० गिनीज आणि २००० गिनीज यांतले आकडे मीटरचे नाहीत, जुन्या बक्षिसाच्या गिनी नाण्यांचे आहेत. दोन्ही शर्यती १६०० मीटरच्याच.

आता लेंग्थ. नाकापासून शेपटीपर्यंत एक घोडा, ढोबळ आठ फूट म्हणजे २.४ मीटर. हे शर्यतीचं अंतर नव्हे, दोन घोड्यांमधली फट. सगळ्यांत बारीक नोज (नाकभर), मग शॉर्ट हेड, हेड (डोकंभर), नेक (मानभर), अर्धी, पाऊण, पूर्ण. हेड साधारण लेंग्थचा पाचवा भाग, नेक तीन दशांश. म्हणजे नेकने हरलेला घोडा पाऊण मीटरही मागे नसतो. ब्रिटनमध्ये ही फट फुटपट्टीने न मोजता वेळेच्या फरकावरून काढतात, आणि मैदान जड असेल तर सेकंदाला कमी लेंग्थ धरतात. त्यामुळे चिखलातली तीन लेंग्थ आणि कोरड्या मैदानावरची तीन लेंग्थ घड्याळात सारखी नसते.

भारतीय निकालात फट लगेच पुढच्या घोड्यापासूनची दिलेली असते. '१, नेक, २' असं असेल तर चौथा घोडा विजेत्यापासून दोन लेंग्थ मागे नाही. १ अधिक ०.३ अधिक २, म्हणजे ३.३ लेंग्थ, जवळपास ८ मीटर मागे आहे. नवख्या वाचकाला 'दोन' आकडाच दिसतो आणि पुढच्या वेळी तो घोडा असतो त्याहून चांगला वाटतो.

सकाळच्या सरावाचे आकडे सगळ्यांत कामाचे. '८००/५३, ६००/३९' याचा अर्थ शेवटचे ८०० मीटर ५३ सेकंदांत, त्यातलेच शेवटचे ६०० मीटर ३९ मध्ये. वजाबाकी करा: पहिले २०० मीटर १४ सेकंदांत, पुढचे प्रत्येक २०० सरासरी १३ मध्ये. घोडा सुरुवातीला सावकाश होता, नंतर सुटला. नुसतं ५३ बघणाऱ्याला हे कळत नाही. शेजारी 'इझी' लिहिलं असेल तर स्वाराने जोर लावलेला नव्हता. 'पुश्ड' असेल तर ते ३९ सेकंद दामटून काढून घेतलेले आहेत.