दोन दिवसांत उपराजधानी: नागपूर कसं फिरावं

आधी तारीख पक्की करा, तिकिटाचं नंतर बघू. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांशी खेळतो, तेव्हा फिरायला येणं म्हणजे हौसेने ऊन लागून घेणं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले, मात्र डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग, आणि सिव्हिल लाइन्समध्ये मोर्चे आणि बॅरिकेड्स. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंनी लोक येतात. त्या सोहळ्यासाठीच यायचं असेल तर जरूर या, नाहीतर आठवडाभर पुढे-मागे सरका. सोमवारही टाळा, अजब बंगला हे इथलं संग्रहालय बंद असतं.

मुक्काम सीताबर्डीच्या आसपास घ्या. नागपूरकर नुसतं ‘बर्डी’ म्हणतात. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका इथंच भेटतात. रेल्वे स्टेशनवरून ॲक्वा लाइनने दुसरं स्थानक बर्डी, विमानतळाकडून ऑरेंज लाइन थेट येते. पुढचं सगळं ऑटोने होतं, बसण्याआधी भाडं ठरवून घ्या.

आता दिवसांची वाटणी. एकाच दिवसात शहराच्या दोन्ही टोकांना पळू नका. पहिला दिवस पश्चिमेला, दुसरा जुन्या वस्तीत.

पहिल्या दिवशी सकाळी तर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक पातळ रस्सा, वर कांदा आणि लिंबाची फोड. सवय नसेल तर तर्री वेगळी मागा. मग झिरो माइल, म्हणजे अंतरं मोजण्यासाठीचं इंग्रजकालीन स्मारक: चार घोडे, एक खांब आणि शहरांची अंतरं कोरलेला दगड. दहा मिनिटं पुरे. विधानभवन बाहेरूनच बघायचं. नागपूर १८६१पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, १९५६मध्ये तो मान गेला, आणि आता अधिवेशनापुरतं का होईना सरकार इथं येतं. हे डोक्यात ठेवून सिव्हिल लाइन्समधून चाललात तर रुंद रस्ते आणि ऐसपैस बंगले कशासाठी ते आपोआप कळतं. अजब बंगला, म्हणजे १८६३चं मध्यवर्ती संग्रहालय, इथंच आहे. त्याला दीड-दोन तास ठेवा.

दुपारी आराम करून दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. स्तूप आतून पोकळ आहे. बाहेरून फोटो काढून परतणारे बरेच दिसतात, तसं करू नका. चपला काढून आत जा, अस्थिकलशाचं दर्शन घ्या, थोडा वेळ बसा. माझ्या मते वेळ कमी पडला तर बाकी सगळं सोडावं, हे सोडू नये. संध्याकाळी फुटाळा तलाव.

दुसरा दिवस महाल आणि इतवारीचा. भोसल्यांची राजधानी ती हीच. गांधी गेटपासून पायी सुरुवात करा, गल्ल्यांत गाडी घालाल तर दिवस हॉर्न ऐकण्यात जाईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, याच वस्तीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. पावसाळ्यात यायचंच असेल तर तो दिवस साधा.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. १८१७ची इंग्रज-भोसले लढाई इथलीच, पण टेकडी सर्वांसाठी उघडते ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी. एरवी खालूनच बघा आणि पलीकडे टेकडी गणपतीला जाऊन या.

दुपारचं जेवण सावजी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला हा स्वयंपाक, रस्सा काळपट, वर तेलाचा तवंग. मटण खात नसाल तर पाटवडी रस्सा सांगा. एक फुल प्लेट दोघांत घेऊन अंदाज घ्या, लगेच प्रवास असेल तर तेही नको.

तिसरा दिवस हाताशी असेल तर रामटेकचा गड आणि राममंदिर, साधारण ५० किलोमीटर. सकाळी लवकर निघा, गडावरची माकडं हातातली पिशवी ओढतात, प्रसाद लपवून न्या. परतताना संत्रा बर्फी घ्यायची तर डब्यावरची तारीख बघूनच घ्या.