वॉशिंग मशीन अडलंय? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीत कुणाचं वॉशिंग मशीन अडलं की मला हाक येते. मी पोचेपर्यंत मागचा पत्रा निघालेला असतो, स्क्रू वाटीत जमा झालेले असतात आणि मोबाइलवर अर्धवट पाहिलेला व्हिडिओ थांबलेला असतो. बिघाड मात्र बहुतेक वेळा मशीनच्या बाहेरच सापडतो.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक ड्रेन पाइपची. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनला पाणी फेकायला पंप नसतो. झडप उघडते आणि पाणी उतारानं निघून जातं. त्यामुळे तो पाइप जमिनीलगतच हवा. उंच उंबऱ्यावरून नेला की पाणी आत तुंबलंच. फ्रंट लोडचं नेमकं उलट. त्याला पंप असतो आणि पाइपाचं तोंड साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर लागतं. ते खाली सोडलं तर पाणी भरता भरताच सायफननं, म्हणजे पंपाशिवाय आपोआप ओढलं जाऊन, वाहून जातं.

शेजारच्या काकांकडे रंगकाम निघालं तेव्हा फ्रंट लोड मशीन हलवलं होतं. परत लावताना कुणीतरी पाइप बाथरूमच्या जाळीत सोडला. मशीन पाणी घेतच राहायचं, काचेतून पाहिलं तर तळाशी जेमतेम ओल, आणि थोड्या वेळानं एरर. काकांनी आधी इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत सोडणारी झडप, बदलून घेतला. मग निदान आलं, ‘पीसीबी गेली’, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट गेलं. आवाज ऐकायचा कंटाळा असला की हेच निदान होतं. मी मशीन चालू करून बाथरूमच्या दारात उभा राहिलो. पंपाची घरघर नाही, तरी जाळीत पाणी खळखळतंय. पाइप उचलून सुतळीनं नळाला बांधला आणि ड्रम भरला. काका तरी विचारत होते, “अरे, पण पीसीबीचं काय?” ती जुनीच अजून चालते आहे.

मशीन भरतच राहिलं तर मी पहिल्यांदा प्लग काढतो. तरीही पाणी आत येत असेल तर व्हॉल्व्ह मिटत नाही. थांबलं, तर व्हॉल्व्हला हात लावू नका. आधी ड्रेन पाइप पाहा, मग पाण्याची पातळी ओळखणारा प्रेशर स्विच आणि त्याची बारीक नळी.

पाणी येतच नाही किंवा करंगळीएवढी धार येते, ही तक्रार सोसायटीची टाकी धुतल्यावर हमखास. नळ बंद करून इनलेट पाइप सोडवा. मशीनच्या तोंडाशी प्लास्टिकची छोटी जाळी असते, ती गाळानं भरलेली दिसेल. पकडीनं हळूच ओढा, जुन्या टूथब्रशनं घासा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवा. काही शहाणे ही जाळी काढून फेकूनच देतात, ‘पाणी जोरात येतं’ म्हणून. येतंच, पण सोबत वाळूही येते. तिचा कण व्हॉल्व्हमध्ये अडकला की मशीन बंद असतानाही पाणी ठिबकत राहतं.

बाकीचं थोडक्यात.

हातानं धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये घालू नका. फेस इतका होतो की पंप पाण्याऐवजी फेसच घुसळत बसतो.

फ्रंट लोडचा खालचा फिल्टर उघडण्याआधी पाणी काढा, आणि गरम पाण्याची धुलाई असेल तर ते निवू द्या. नंतर ‘लादी भिजली’ म्हणून मला बोलावू नका.

इनलेट पाइपाच्या प्लास्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नका. गळती रबरी वायसर थांबवतो, तो बदला.

नवं फ्रंट लोड स्पिनला घरभर चालत सुटलं तर मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले, काढलेत का ते बघा.

सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर नुसता घूं करत असेल तर प्लग काढून टब हातानं फिरवा. अडला, तर खाली मोजा किंवा रुमाल गेला असेल, नाहीतर ब्रेक सुटत नसेल. मोकळा फिरला, तर संशय मोटर सुरू करून देणाऱ्या कपॅसिटरवर. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, त्यामुळे उघड्या टोकांना बोट लावायचं नाही. ज्याला तो चार्ज सुरक्षितपणे उतरवता येत नाही त्यानं इथं थांबून मेकॅनिकला बोलवावं. बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा जुन्यावर छापलाय तोच घ्या, व्होल्टचा त्याहून कमी नको. दुकानदार ‘चालतंय हो’ म्हणाला तरी.