जुन्या गाडीचे इंजिन : एकदा भल्या सकाळी, एकदा भर दुपारी

खानदेशात जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिन दोनदा तपासावे : एकदा भल्या सकाळी, ते रात्रभर थंड झालेले असताना, आणि एकदा भर दुपारी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास फिरतो, आणि सकाळच्या गारव्यात गोड वाजणारे इंजिन रेल्वे फाटकापाशी एसी लावून दहा मिनिटे उभे राहिले की आपला खरा स्वभाव दाखवते.

आपण पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नये, असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. गेल्यावर प्रथम बोनेटवर तळहात ठेवावा. ते कोमट लागले तर पाहणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी.

चावी फिरवण्याआधी रेडिएटरचे झाकण उघडावे. हे काम केवळ थंड इंजिनवरच करायचे, कारण गरम असताना दाबाखालचे उकळते पाणी उसळून अंग भाजते. आत स्वच्छ रंगीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, दिसले तर ठीक. तांबूस, गढूळ पाणी दिसले तर मालकाने कूलंटऐवजी बोअरचे पाणी ओतले असण्याची शंका घ्यावी. क्षारयुक्त पाण्याचे थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनातल्या पाण्याच्या वाटांत बसतात, उष्णता बाहेर पडेनाशी होते, आणि इंजिन वारंवार तापून अखेरीस हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, वाकते किंवा त्याखालची सांधबंद पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट, जाते. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ साय दिसली, तर ऑइल आणि पाणी एकत्र झाल्याचा संशय येतो. मात्र पावसाळ्यात जवळपासच फिरणाऱ्या गाडीच्या झाकणाला नुसत्या बाष्पानेही थोडी साय धरते, म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी, काढून पाहावी. तिच्यावरचे ऑइलही दुधाळ असेल तर तो व्यवहार तेथेच सोडावा.

ऑइल काळे असणे हा दोष नव्हे. डिझेल गाडीत नवे ऑइलही लवकरच काळे पडते. मला स्वतःला धुऊन लखलखीत केलेले इंजिन अधिक खटकते. अशाच एका इंजिनाला भुलून मी गाडी घेतली आणि पंधरवड्यातच अंगणातल्या फरशीवर ऑइलचे डाग उमटू लागले.

एअर फिल्टरचा डबाही उघडावा. फिल्टरवर धूळ असणारच, कारण कापसाच्या शेतांतून जाणाऱ्या रस्त्यांवर काळ्या मातीची भुकटी उडतच असते. परंतु फिल्टरच्या पलीकडे, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत ती सापडली, तर पिस्टनभोवतीची कडी, म्हणजे पिस्टन रिंगा, आणि सिलिंडर घासले गेले असण्याची शक्यता मोठी आहे.

आता इंजिन सुरू करावे आणि सोबत्याला सायलेन्सरमागे उभे करावे. सुरू होताना क्षणभर निळा धूर येऊन थांबला तर बहुधा व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारी रबरी सील थकली आहेत, पण रेस देताना तो येतच राहिला तर रिंगांचे काम निघते. गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर निघत असेल तर कूलंट आत जळत आहे. डिझेल गाडीत ऑइलचे झाकण काढल्यावर वाफेचे भपकारे जोरात येत असतील, तर सिलिंडरातला दाब झिजलेल्या रिंगांमधून खाली निसटत असतो. त्याला मिस्तरी बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. ते खर्चाचे काम आहे.

दुपारच्या फेरीत धुळेकरांनी लळिंग घाट, तर चाळीसगावकरांनी कन्नड घाट चढून पाहावा, आणि परतल्यावर एसी चालू ठेवून पंधरा मिनिटे गाडी जागेवरच सुरू ठेवावी. रेडिएटरचा पंखा फिरत असला पाहिजे आणि तापमानाचा काटा मधल्या जागेवरून वर सरकता कामा नये. तापल्यावर ऑइल पातळ होते. त्यामुळे सकाळी घट्ट ऑइलाखाली दडलेला बेअरिंगांचा ठकठक आवाज आता ऐकू येतो, आणि ऑइल प्रेशरचा दिवा कमी रेसवर लुकलुकू लागतो. तो लुकलुकला तर किंमत कितीही उतरली तरी गाडी घेऊ नये. मग इंजिन बंद करून, गरम असतानाही ते सहज सुरू होते का, हे लगेच पुन्हा सुरू करून पाहावे.

एवढ्यातून गाडी पार पडली तर ओळखीच्या मिस्तरीकडून प्रत्येक सिलिंडरातला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मोजून घ्यावे. सिलिंडरांतील फरक १५ टक्क्यांपेक्षा अधिक आढळला तर इंजिनकामाचा खर्च धरूनच भाव बोलावा. शेवटी इंजिनवर कोरलेला क्रमांक आरसी बुकाशी अंक-अक्षर ताडून पाहावा. इंजिन बदललेले असेल तर त्याची आरटीओतील नोंद विक्रेत्याने आधी करून द्यावी, आणि विसार त्यानंतरच द्यावा.